समोर येऊन बोल

सोमवार, ४ मार्च

मी दैनंदिनी लिहिणाऱ्यांतली नाही. आज लिहितेय, कारण आज जे झालं ते केसपेपरवर मावत नाही, आणि मावलं तरी तिथं शोभणार नाही.

सकाळी एक मुलगी आली. वय पाच. सोबत वडील. पाण्याचे पंप दुरुस्त करतात, नखांत काळं ग्रीस. तक्रार एका वाक्यात: "मॅडम, हाक मारली तर हिच्या मनात असेल तरच बघते." मुलीनं खुर्चीत बसण्याआधी ध्वनिबंद खोलीच्या भिंतीचा स्पंज दाबून पाहिला, हेडफोनची वायर कुठं जाते ते वाकून पाहिलं, माझ्या पेनचं टोपण काढून परत लावलं. स्वागतकक्षात बसणाऱ्या बाईंना आम्ही सगळे 'बातम्या' म्हणतो. त्यांनी दारातूनच बारसं उरकलं: "आल्या बघा इन्स्पेक्टर."

लहानांची श्रवण चाचणी खेळासारखी असते. आवाज आला की एक ठोकळा बादलीत टाकायचा. इन्स्पेक्टर फार हुशारीनं टाकत होती. थोड्या वेळानं लक्षात आलं की ती आवाज ऐकतच नाहीये, माझं बोट बटणावर जाताना बघतेय. मी हात टेबलाखाली घेतला. त्यानंतरचा आलेख खरा आला: दोन्ही कानांचं ऐकणं मध्यमाहून खाली.

इथपर्यंत नेहमीचं. हेडफोन काढताना तिचे केस मागे सरकले. कान वाटीसारखे आत वळलेले. दोन्ही कानांच्या पुढे, वरच्या अंगाला, टाचणीनं टोचल्यासारखं एकेक छिद्र. मी तिच्या फ्रॉकचं वरचं बटण काढलं. गळ्याच्या खालच्या भागात, उजवीकडे, एक ठिपका. जवळून पाहिलं तर ठिपका नव्हे, भोक. आणि ओलसर.

"हे कधीपासून?"

"जन्मापासून. सर्दी झाली की पाझरतं. आमची आई म्हणते, घाम असेल."

"तुम्हाला आहे का काही असं?"

त्यांनी मान वळवून काळ्या बोटानं कान पुढं ओढला. तेच छिद्र. "हा आमच्या घराण्याचा शिक्का आहे मॅडम. वडलांना होता, मला आहे, हिला आहे. जत्रेत हरवली तरी ओळख पटेल."

मी हसले नाही. मला आनंद झाला होता. हा शब्द बरोबर नाही हे कळतंय, पण दुसरा मिळेपर्यंत हाच ठेवते. शिक्षण संपल्यापासून मी मळ काढलाय, म्हाताऱ्यांची श्रवणयंत्रं दुरुस्त केलीयेत, बॅटऱ्या बदलल्यात. आज पहिल्यांदा कोणीतरी मला कोडं घालून गेलं.

घरी शिरताशिरताच म्हणाले, "आई, आज काय झालं माहितेय?" ती ओट्याशी पाठमोरी. वळलीच नाही. मी जवळ जाऊन खांद्याला हात लावल्यावर मात्र ऐकवलं, "शंभरदा सांगितलंय, दारातून बोलत यायचं नाही. समोर येऊन बोल."

सांगायची इच्छाच गेली.

मंगळवार, ५ मार्च

नाव सापडलं. ब्रँकिओ-ओटो-रीनल सिंड्रोम. गळा, कान, मूत्रपिंड. हजारो बाळांत एखादं. गर्भ अगदी लहान असतो तेव्हा गळ्याशी काही घड्या असतात. त्यांतून कान घडतो, मान घडते, मग त्या मिटतात. यांच्यात त्या पूर्ण मिटत नाहीत, म्हणून छिद्र राहतं. आणि ज्या जनुकाच्या हुकमावरून कान घडतो, त्याच जनुकाचा हात मूत्रपिंडाच्या घडणीतही असतो. कान आणि मूत्रपिंड! शरीरात एवढे दूर, आणि कारागीर एक. दुपारचा डबा तसाच राहिला.

मोठ्या डॉक्टरांना सांगितलं. (ते उंचीनं माझ्या खांद्याला लागतात, पण दवाखाना त्यांचा आहे.) ते म्हणाले, "तुम्ही नवी मंडळी पुस्तकाचं पान उलटता आणि पुढचा पेशंट त्या पानावर बसवता."

"सर, कानांपुढची छिद्रं, गळ्यावरचं भोक, कानांचा आकार, ऐकण्यातला दोष; शिवाय वडिलांनाही छिद्र. चार खुणा जुळतात. पाचवी पोटात आहे. सोनोग्राफी करून बघू."

"आणि पोट ठीक निघालं तर?"

"तर पुढच्या पेशंटपर्यंत पुस्तक बंद."

चिठ्ठी लिहून दिली. लिहिताना पुटपुटले, "हट्टी आहे." मला ऐकू आलं. माझे कान उत्तम आहेत.

शनिवार, ९ मार्च

डावं मूत्रपिंड नाहीच. जागा रिकामी. उजवं आहे, थोडं लहान, पण काम करतंय.

सोनोग्राफीवाल्यांचा फोन आला तेव्हा मी खुर्चीतून उठून उभी राहिले. बातम्या म्हणाल्या, "लग्न ठरलं का?" मी सांगितलं, एका मुलीला मूत्रपिंड एकच आहे. त्या माझ्याकडे बघत राहिल्या. "मग हसतेस काय अशी?"

बरोबर विचारलं त्यांनी. प्रामाणिकपणे लिहायचं तर, मी खूश होते. आधी खूश झाले, मग मला ती मुलगी आठवली. हा क्रम बरा नाही. पण हेही खरं की सोमवारी मी बटण काढलं नसतं तर तिला श्रवणयंत्र मिळालं असतं, आणि तिच्या एकुलत्या मूत्रपिंडाकडे ते बिघडेपर्यंत कोणी पाहिलं नसतं. आता त्याच्यावर पहारा बसेल. म्हणून थोडं खूश राहायची परवानगी मी मला दिली.

वडिलांची तपासणी पुढच्या आठवड्यात. ते म्हणाले, "मला काय धाड भरलीये? मी पंप उचलतो रोज."

गुरुवार, १४ मार्च

मोठ्या डॉक्टरांनी बोलावून दार लावलं. मला वाटलं, काही चुकलं. ते म्हणाले, एप्रिलअखेर कानाच्या तज्ज्ञांची परिषद आहे, ही केस तिथं मांडायची. "मी नाही, तू. बटण तू काढलंस."

मी "बरं" म्हणाले. बाहेर येऊन जिना दोनदा चढले-उतरले.

संध्याकाळी आणखी एक गोष्ट. डॉक्टर म्हणाले, "तुला एक विचारायचं होतं. कमी ऐकू येणाऱ्यांशी बोलताना तू जे करतेस, आधी हलका स्पर्श, मग तोंडावर उजेड घेणं, ओठ स्पष्ट, पण ओरडायचं नाही, हे इथं कुणालाच जमत नाही. कुठं शिकलीस?"

"प्रशिक्षणात, सर."

"मीही तेच प्रशिक्षण घेतलंय," ते म्हणाले. "आम्हाला नाही कुणी शिकवलं."

त्यांच्या वेळचा अभ्यासक्रम जुना असणार.

रविवार, १७ मार्च

आईशी भांडण. कारण क्षुल्लक. बातम्या मला पुस्तक द्यायला काल घरी आल्या होत्या. मी नव्हते. त्यांनी घंटा वाजवली, दार ठोठावलं, खिडकीतून आई दिसत होती, पेपर वाचत बसलेली. ती उठली नाही. बातम्या परत गेल्या आणि आज फोनवर म्हणाल्या, "तुझ्या आईला माणसं आवडत नाहीत का गं?"

मी आईला विचारलं. ती म्हणाली, "कुणी आलं नव्हतं." एवढंच, आणि पेपर पुन्हा वर.

बाबा असताना असं नव्हतं. घंटा ते बघायचे, फोन ते घ्यायचे, दुकानदाराशी ते बोलायचे, आई शेजारी हसतमुख उभी. बाबांना जाऊन दोन वर्षं झाली आणि तिनं जगाशी बोलणंच टाकल्यासारखं केलंय. वाचनालयातल्या नोकरीवर जाते, येते, बस. आणि शिस्त मात्र तीच. दुसऱ्या खोलीतून बोलायचं नाही. तोंडावर हात धरून बोलायचं नाही. अंधारात बोलायचं नाही. दिवे गेले की आमच्या घरात मुक्यांची सभा भरते. लहानपणी मैत्रिणी घरी आल्या की त्यांनाही हे नियम लागू. एकीनं विचारलं होतं, "तुझी आई मुख्याध्यापिका आहे का?"

"तू कधी कुणाचं ऐकूनच घेत नाहीस," मी म्हणाले. तिला ते लागलेलं दिसलं. मग मी पाठ फिरवून आणखी चार शब्द पुटपुटले. ही माझी जुनी सवय. पाठ फिरवून बोललेलं तिनं आजवर कधी मनावर घेतलं नाही, हा एक मोठेपणा मान्य करायला हवा.

पावलं सुजलीत तिची. गुडघ्यांमुळे असेल. भूकही कमी झालीये. उन्हातसुद्धा गळ्याला रुमाल गुंडाळून बसते, म्हणते वारं लागतं.

शुक्रवार, २२ मार्च

पंपवाल्यांचे अहवाल आले. मूत्रपिंडं दोन, पण दोन्ही आखूड, आणि काम निम्म्यावर. वय पस्तीस. मोठ्या डॉक्टरांनी विचारलं, कंबर-पाठ दुखते का, काही घेता का.

"घेतो की. दुखली की गोळी. दुखणं तर रोजचंच, मग गोळी रोज."

डॉक्टरांचा आवाज मी एवढा चढलेला कधी ऐकला नव्हता. अशा मूत्रपिंडावर दुखणं थांबवणाऱ्या त्या गोळ्या म्हणजे थकलेल्या बैलाला चाबूक. आजपासून बंद. मूत्रपिंडाचे डॉक्टर सांगतील तेच औषध. पंपवाले मला हळूच म्हणाले, "म्हणजे पोरीमुळे मी सापडलो."

परिषदेसाठी स्लाइड केली: 'एक रुग्ण सापडला की घर तपासा.' खाली, ठळक: 'वेदनाशामक गोळ्यांबद्दल आवर्जून विचारा.' चांगली स्लाइड आहे. परिणामकारक.

येताना औषधाच्या दुकानातून आईच्या गुडघ्याच्या गोळ्या आणल्या. संपत आल्या होत्या. हल्ली दिवसाला दोन लागतात.

बुधवार, ३ एप्रिल

आज इन्स्पेक्टरला यंत्रं लावली. कानाचे साचे तिनं स्वतः निवडलेल्या रंगाचे, एक लाल आणि एक हिरवा, "जहाजाच्या दिव्यांसारखे," म्हणाले वडील. चालू केल्यावर ती रडली नाही, हसली नाही. टेबलावर बोट वाजवलं. थांबली. पुन्हा वाजवलं. मग उठून खोलीतली एकेक वस्तू वाजवत गेली: कपाट, खिडकीची काच, कचऱ्याचा डबा, वडिलांचं पोट. अख्ख्या दवाखान्याची झडती झाली.

शेवटी माझ्याकडे आली. माझ्या मांडीवर चढून केस बाजूला केले आणि माझ्या डाव्या कानापुढे बोट ठेवलं. "तुला पन!"

वडील हसले. "मॅडम, तुम्ही तर आमच्या घरातल्या निघालात!"

मी त्यांना समजावलं की एकटं छिद्र शंभरातल्या एखाद्याला असतंच, त्याचा अर्थ काही नसतो. इतर खुणा सोबत असल्या तरच अर्थ. माझं श्रवण मी शिकत असतानाच तपासलेलं आहे, स्वच्छ. हे शास्त्रीयदृष्ट्या पूर्ण बरोबर उत्तर आहे.

इन्स्पेक्टरला पटलं नाही. तिनं बोट काढलं नाही.

शनिवार, ६ एप्रिल

मांडणी जवळजवळ तयार. बोलायची तालीम मात्र भिंतीसमोर होत नाही. बातम्यांसमोर केली तर दुसऱ्या वाक्याला त्यांची बातमी सुरू होते. उद्या सुट्टी आहे. आईला विचारलं, समोर जाऊन, उजेडात, "उद्या सकाळी माझं भाषण ऐकशील?"

ती बराच वेळ माझ्या तोंडाकडे बघत राहिली. "कशावर आहे?"

"एका मुलीच्या आजारावर. तुला कंटाळा येईल."

"बोल की," ती म्हणाली. "फक्त माझ्याकडे तोंड करून."

रविवार, ७ एप्रिल

क्रमानं लिहिते. क्रम सुटला तर मला काही लिहिता येणार नाही.

न्याहारीनंतर लॅपटॉप टेबलावर ठेवला. आई खिडकीकडे तोंड करून बसत होती, मग स्वतःच उठून जागा बदलली, मला उजेडात उभं केलं. पहिली स्लाइड, कान. मुलीचा फोटो नाही, मी काढलेलं रेखाचित्र. आई पुढे झुकली. दुसरी स्लाइड, गळा. तीच मुलगी, खालच्या भागात ठिपका, त्याच्याकडे बाण.

आई उठली. पडद्याजवळ गेली. ठिपक्यावर बोट ठेवलं.

"सर्दी झाली की हे ओलं होतं ना हिचं?"

ते स्लाइडवर नव्हतं. मी तिला सांगितलेलंही नव्हतं.

मग तिनं गळ्याचा रुमाल सोडला. डाव्या बाजूला, हाडाच्या जरा वर, छिद्र. जन्मापासून मी त्या गळ्याला मिठी मारत आलेय. रुमालावरून, कॉलरवरून.

"केस वर कर," मी म्हणाले. तिनं केले. दोन्ही कानांपुढे. डावा कान वरून वाटीसारखा. ती केस कायम का सोडते, हा प्रश्न मला कधी पडलाच नव्हता.

मी चालत तिच्या मागे गेले, चार पावलांवर थांबले, आणि नेहमीच्या आवाजात म्हणाले, "आई, तुझ्या खांद्यावर झुरळ आहे."

झुरळ स्वयंपाकघरात दिसलं तर बैठकीच्या खोलीतल्या खुर्चीवर चढणारी माझी आई. ती शांतपणे पडद्याकडे बघत उभी होती.

मी फिरून समोर आले. तिनं माझा चेहरा वाचला. "मागे काहीतरी बोललीस ना?"

"झुरळ म्हणाले."

"कुठंय!" आणि खुर्चीवर चढली.

आम्ही दोघी हसायला लागलो ते थांबेचना. ती खुर्चीवर उभी, मी खाली, डोळ्यांतून पाणी. मग ती तिथंच बसली आणि मी जमिनीवर.

"बाबांना माहीत होतं?"

"त्याला नसेल तर कुणाला? घंटा वाजली की टेबलावर बोट टेकायचा. फोन आला की दोन बोटं. तुला वाटायचं ताल धरतोय."

"आणि वाचनालयात?"

"तिथं काय अडचण? तिथं सगळेच ओठांनी बोलतात. जगातली ती एक जागा आहे, जिथं मी बाकीच्यांच्या बरोबरीची."

"मला का नाही सांगितलंस? आई, माझं कामच हे आहे!"

"म्हणून तर नाही सांगितलं. तू घरात चमचे पाडून बघितले असतेस. वेगवेगळ्या अंतरावरून." मग म्हणाली, "तू लहान होतीस तेव्हा हे नियम लावले. रात्री रडलीस तर मला कळावं म्हणून पाळण्याची दोरी माझ्या मनगटाला बांधलेली असायची. बोलायला लागलीस तेव्हा वाटलं, हिला समोर येऊन बोलायची सवय लागली की निभेल. निभलं."

प्रशिक्षणात, सर. मी तसं उत्तर दिलं होतं.

मग माझी नजर टेबलाकडे गेली. लॅपटॉपच्या शेजारी, पाण्याच्या भांड्याजवळ, गोळ्यांची पट्टी. मी आणलेली. तिची पावलं. तिची भूक. आणि माझी ती परिणामकारक स्लाइड.

"या गोळ्या आजपासून घ्यायच्या नाहीत," मी म्हणाले.

"गुडघे?"

"दुखू देत."

माझा आवाज चढला होता. तिला आवाज कळला नसेल, पण तिनं पट्टी उचलून माझ्या हातात दिली.

मंगळवार, ९ एप्रिल

ध्वनिबंद खोलीत आई. हेडफोन लावले. मी काचेच्या या बाजूला. तिनं पहिली गोष्ट काय केली? माझ्या बोटाकडे बघायला लागली. मी हात टेबलाखाली घेतला. तिनं काचेतून माझ्याकडे असं पाहिलं की मला लहानपणी खोटं पकडल्यावर ती बघायची ते आठवलं. फक्त या वेळी पकडली गेलेली ती होती.

आलेख: इन्स्पेक्टरपेक्षा बराच खाली. या कानांनी तिनं मला बोलायला शिकवलं.

बातम्या बाहेर बसून होत्या. मी सगळं सांगितलं. त्या आत गेल्या, आईसमोर उभ्या राहिल्या, तोंड मोठं मोठं उघडत म्हणाल्या, "त्या दिवशी मी घंटा वाजवली, आणि मनात तुम्हाला बोलले हो!"

"एवढं तोंड उघडू नका," आई म्हणाली. "दाढा दिसतात."

दोघींचं जमलं.

रक्त दिलं. सोनोग्राफी उद्या. मोठे डॉक्टर स्वतः फोन करून वेळ घेत होते. मला हट्टी म्हणाले नाहीत.

गुरुवार, ११ एप्रिल

उजवं मूत्रपिंड खूप खाली, ओटीपोटात, आणि लहान. डावं जागेवर आहे, पण झिजलेलं. दोन्ही मिळून काम एक तृतीयांश.

एक तृतीयांश म्हणजे शून्य नव्हे. हे मी दिवसभर मनात घोळवतेय.

मूत्रपिंडाच्या डॉक्टरांनी गोळ्यांची पट्टी उलटीसुलटी करून पाहिली. "अजून वर्षभर चालल्या असत्या तर..." आणि पट्टी कचऱ्याच्या डब्यात टाकली. वाक्य पुरं केलं नाही. रक्तदाबाचं औषध दिलं, खाण्यातलं मीठ कमी केलं, गुडघ्यांसाठी व्यायाम आणि शेक. "वेळेवर आलात," ते म्हणाले. "कुणी पाठवलं?"

आई माझ्याकडे बघत होती, म्हणून तिला प्रश्न दिसला नाही. मी सांगितलं, "एका इन्स्पेक्टरनं."

माझीही सोनोग्राफी झाली. दोन आहेत, जागेवर आहेत, एक जरा लहान. वर्षातून एकदा तपासायचं. गळा कोरा. इन्स्पेक्टरचं बोट बरोबर होतं आणि माझं शास्त्रीय उत्तर अपुरं. रक्ताचे नमुने जनुकाच्या तपासणीला गेलेत. पंपवाल्यांचे, मुलीचे, आमच्या दोघींचे, एकाच खोक्यातून.

शनिवार, २० एप्रिल

आईच्या कानांचे साचे मी स्वतः घेतले. कानात गार लगदा भरला तेव्हा तिनं डोळे मिटून घेतले. तेवढा वेळ तिला ओठही दिसत नव्हते, आवाजही नव्हता. मी तिचा हात धरून ठेवला, म्हणजे मी आहे हे कळावं.

रंग? तिनं तक्ता पाहिला. सगळ्यांना कातडीचा रंग हवा असतो, दिसू नये म्हणून. ती म्हणाली, "लाल."

"आई, दिसेल."

"दिसू दे. फार लपवलं."

पावलांची सूज उतरतेय. काल घोटा दिसला.

रविवार, २८ एप्रिल

काल परिषद झाली.

सभागृह मोठं, पहिली रांग तज्ज्ञांची. पण पहिल्या रांगेच्या कडेला आई बसली होती, रुमाल नाही, केस मागे बांधलेले, कानांत परवाच बसवलेली यंत्रं, दोन लाल साचे. तिच्या शेजारी पंपवाले, नखं घासून आलेले. इन्स्पेक्टर खुर्चीखाली, खुर्ची कशी दुमडते ते बघत होती.

मी उजेडात उभी राहिले, ओठ स्पष्ट ठेवले आणि आईकडे तोंड करून बोलले. बाकीच्यांनी आपापलं ऐकून घेतलं.

शेवटच्या स्लाइडवर दोन वंशावळी. एक पंपवाल्यांची. दुसरीत दोनच वर्तुळं, दोन्ही काळी भरलेली, म्हणजे बाधित, आई आणि मुलगी. मागून एका ज्येष्ठ डॉक्टरांनी विचारलं, "दुसरं कुटुंब इतक्या थोड्या दिवसांत कसं मिळालं? एवढा दुर्मीळ प्रकार, तुम्ही शोध कुठं घेतलात?"

"घरी," मी म्हणाले. "तिथं सगळ्यात शेवटी घेतला."

कुणीतरी हसलं. आईला प्रश्न ऐकू गेला नसावा, पण उत्तर दिसलं. तिनं मान हलवली, वाचनालयात कोणी पुस्तक वेळेवर परत केलं की हलवते तशी.

घरी आलो. ती चपला काढताना म्हणाली, "छान झालं. तिसऱ्या स्लाइडला घाई केलीस. आणि हात सारखे टेबलाखाली काय घेत होतीस?"

मी पाण्याचा पेला उचलला, पाठ फिरवली आणि सवयीनं पुटपुटले, "हिला एकदा तरी काही पूर्ण पटलं तर शपथ."

"ऐकलं मी," मागून आवाज आला.

मी पेला हातात घेऊन तशीच उभी राहिले. म्हणजे ही सवय मोडावी लागणार. घरात आता काही सुरक्षित राहिलं नाही.

मागे वळले नाही. तशीच पाठमोरी राहून, हळू आवाजात, तिला आणखी एक वाक्य बोलले. इतक्या वर्षांत समोर येऊन कधी जमलं नव्हतं. ते इथे लिहीत नाही.

ते तिला ऐकू गेलं.